फिरत्या घराची हवा : बजऱ्यापासून कॅरव्हॅनपर्यंत

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा गावाजवळ महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी त्या गाडीवर प्रत्यक्ष प्रयोग केले. जनित्राचा धूर तळाच्या फळीतील एका भोकातून आत शिरत होता आणि दोन तासांच्या आत आतील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण नऊशे पीपीएमच्या पुढे जात होते, असे त्यांतून दिसून आले. ही बातमी देशभर गाजली आणि तिच्या निमित्ताने ‘जनित्र लांब ठेवा’ हा योग्य सल्ला सर्वत्र दिला गेला. पण फिरत्या घराच्या हवेचा प्रश्न जनित्रावर संपत नाही. त्याला दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा काशीच्या घाटांवरून जातो.

दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे शीतला घाट ओलांडला की अहिल्याबाई घाट लागतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधून घेतला. विश्वनाथाच्या मंदिराची त्यांनी केलेली पुनर्बांधणी (१७८०) हीही त्याच काळातली. त्यापूर्वी हा घाट केवलगिरी घाट या नावाने ओळखला जाई. दक्षिणेकडून काशीला येणारे मराठी यात्रेकरू बहुधा जमिनीवरून, बैलगाडी, मेणा, घोडा किंवा पायी असे येत आणि रात्री धर्मशाळेत, राहुटीत अथवा झाडाखाली उतरत. त्यांच्या मुक्कामाला हवेची कमतरता नव्हती. असलीच तर ती भिंतींची होती. पूर्वेकडून, म्हणजे कलकत्त्याहून, येणारा सधन प्रवासी मात्र बहुतेक वेळा पाण्यावरून येई, आणि येताना आपले घरच बरोबर आणी. त्या घराला बजरा म्हणत.

बजरा म्हणजे वल्ह्यांनी, शिडाने किंवा काठावरून दोर ओढून चालवायची प्रशस्त नाव. तिच्या मागच्या भागात एक-दोन खोल्या, खोल्यांना दोन्ही बाजूंनी झडपांच्या खिडक्या, आणि वर सपाट छत. कलकत्त्याहून काशीपर्यंत प्रवाहाविरुद्ध येण्यास महिने लागत. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर १८२४ च्या जूनमध्ये अशाच एका प्रवासी नौकेतून निघाले, वाटेत ढाक्याला गेले आणि सप्टेंबरमध्ये काशीला पोहोचले. इतके दिवस माणसे एका लाकडी खोलीत जेवत, झोपत, आजारी पडत आणि बरी होत. आज ज्याला आपण ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ किंवा कॅरव्हॅन म्हणतो, त्याच्या इतका जवळचा पूर्वज आपल्या देशात दुसरा सापडणार नाही.

या बजऱ्यामागून आणखी एक लहान नाव येत असे, आणि माझ्या दृष्टीने खरी गंमत तिच्यात आहे. ती स्वयंपाकाची नाव. चूल, लाकूडफाटा, कोंबड्यांच्या खुराड्या आणि स्वयंपाकी हे सारे तिच्यावर. जेवणाच्या वेळी ती बजऱ्याला येऊन चिकटे, ताटे इकडे येत आणि ती पुन्हा मागे पडे. ही व्यवस्था आगीच्या भीतीने झाली, सामाजिक अंतराच्या कल्पनांमुळे झाली की धुराच्या त्रासामुळे, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. बहुधा तिन्ही कारणे एकत्र होती. परिणाम मात्र स्पष्ट होता. त्या घरातील सर्वांत मोठा प्रदूषणाचा उगम दोरीभर अंतरावर, स्वतंत्र तराफ्यावर ठेवलेला होता.

पुढे वाफ आली तरी हे तत्त्व टिकले. १८३४ पासून गंगेवर लोखंडी आगबोटी नियमित धावू लागल्या. पहिल्या बोटीचे नाव ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’. या बोटींवर बॉयलर, कोळसा आणि यंत्र असे. प्रवासी मात्र मागे ओढल्या जाणाऱ्या ‘फ्लॅट’ नावाच्या वेगळ्या सपाट नौकेत राहत. १८३७ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड आणि त्यांच्या बहिणी अशाच एका फ्लॅटमधून काशीपर्यंत आल्या. यंत्राची धग, आवाज आणि बॉयलर फुटण्याची धास्ती यांपासून माणूस दूर राहावा, हा त्यामागचा विचार. जनित्र थेट झोपण्याच्या जागेखाली आणण्याची ‘प्रगती’ त्या काळाला साधलेली नव्हती.

त्या काळाचे उदात्तीकरण करण्याचा मात्र माझा हेतू नाही. त्या नावांच्या फटी बुजविण्यासाठी राळ आणि डांबर वापरत, आणि उन्हात तापलेल्या डांबराची वाफ फुप्फुसांना काही हितावह नसते. नावेत डास असत, गंगेचे पाणी जसेच्या तसे पिण्यात येई, आणि पटकीने माणसे मरत. पण बजऱ्याची हवा आतल्या आत कोंडून राहत नव्हती. फळ्यांच्या सांध्यांतून, झडपांतून आणि उघड्या दारांतून वारा सतत वाहत असे. ग्रीष्मात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडले जाई. पाण्याचे बाष्पीभवन होताना येणारी हवा थंड होई. या पद्धतीचा एक गुण आपण विसरून गेलो आहोत : ताटी काम करते ती बाहेरची हवा आत आल्यामुळेच. शीतन आणि वायुवीजन ही तेथे एकच क्रिया होती. आजचे वातानुकूलन यंत्र बहुतांशी आतलीच हवा फिरवून गार करते. ताजी हवा आणणे हे त्याचे काम नसते. एसी चालू आहे म्हणजे हवा बदलते आहे, हा समज शिकलेल्या माणसांमध्येही इतका रुजलेला आहे की तो खोडून काढताना दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागते.

याच सुमारास काशीत एक तरुण तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदी ठेवत होता. जेम्स प्रिन्सेप १८२० मध्ये बनारसच्या टांकसाळीत धातुपरीक्षक म्हणून आला आणि १८३० पर्यंत तेथे राहिला. ब्राह्मी लिपीच्या उलगड्यामुळे तो आपल्याला माहीत असतो. पण भट्टीसारख्या उच्च तापमानांच्या मापनावर त्याने लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला होता, आणि बनारसच्या हवामानाच्या त्याच्या नोंदी ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापल्या गेल्या. काशीचा उन्हाळा किती तापतो आणि पावसाळा किती दमट असतो, हे त्याने अंकांत मांडले. हे दोन अंक, तापमान आणि आर्द्रता, आपल्या कथेत थोड्याच वेळात फार महत्त्वाचे ठरणार आहेत.

तत्पूर्वी जर्मनीत डोकवावे लागेल. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतील हवेच्या गुणवत्तेला पहिल्यांदा एक मोजता येणारी खूण दिली. माणसांच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हजार भागांत एक, म्हणजे १००० पीपीएम, याच्या वर गेला की हवा कोंदट झाली असे समजावे, हा त्यांचा निकष. हा आकडा आजही वायुवीजनाच्या चर्चेत वापरला जातो. वायू स्वतः त्या प्रमाणात विषारी नसतो, तो केवळ हवा किती शिळी झाली हे सांगतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे दुसरे म्हणणे मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. खोलीत शेणाचा ढीग पडलेला असेल तर वारा खेळवून त्याची दुर्गंधी घालविण्याच्या मागे लागू नये, आधी ढीग उचलावा, अशा आशयाचा दाखला त्यांनी दिला होता. वायुवीजन हे माणसांच्या श्वासासाठी आहे, उगम तसाच ठेवून त्यावर पांघरूण घालण्यासाठी नव्हे. स्वयंपाकाची नाव मागे ठेवणाऱ्या माणसाला हे तत्त्व सांगावे लागले नसते.

आता प्रश्न असा, की घराची भिंतच तो ढीग असेल तर?

फॉर्मल्डिहाइड हा साधा रेणू : एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. रशियातील अलेक्सांद्र बुटलेरोव यांच्या हाती तो १८५९ मध्ये लागला आणि १८६७ मध्ये आउगुस्ट हॉफमन यांनी त्याची निश्चित ओळख पटविली. विसाव्या शतकात युरियाशी त्याचा संयोग करून एक स्वस्त, रंगहीन आणि झटपट घट्ट होणारा डिंक तयार झाला. प्लायवूड, भुशापासून केलेले पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ या सर्वांचा प्रसार या डिंकाच्या बळावर झाला. त्यात एकच उणीव होती. युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यातील बंध पाण्याने तुटतो. हवेतील बाष्प फळीत शिरते, बंध हळूहळू तुटत राहतात आणि सुटलेला फॉर्मल्डिहाइड वायुरूपाने खोलीत येतो. रंग आणि चिकटद्रव्यांतील द्रावके काही दिवसांत वा आठवड्यांत बरीचशी उडून जातात. ‘नव्या गाडीचा वास’ म्हणून आपण जो ओळखतो तो मुख्यतः त्यांचा. फॉर्मल्डिहाइड मात्र वर्षानुवर्षे झिरपत राहतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे मानता येत नाही. शिवाय नाक काही मिनिटांत सरावते आणि साक्षीदार म्हणून निकामी होते.

या वायूमुळे डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम ही अर्ध्या तासाची मर्यादा सुचविली.

या विषयावरील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुःखद प्रयोग कुणी मुद्दाम केला नाही. ऑगस्ट २००५ मध्ये कत्रीना चक्रीवादळाने अमेरिकेचा आखाती किनारा उद्ध्वस्त केला. बेघरांसाठी तेथील सरकारने एक लाखाहून अधिक फिरती घरे पुरविली. सुट्टीत आठ-पंधरा दिवस वापरायच्या ट्रेलरांमध्ये कुटुंबे महिनोन् महिने, काही वर्षानुवर्षे राहिली. मुलांचा खोकला थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, नाकातून रक्त येण्याच्या तक्रारी आल्या. स्वयंसेवी संस्थांनी २००६ मध्ये चाचण्या केल्या. २००७ मध्ये प्रकरण संसदेपुढे गेले. डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने राहत्या ५१९ घरांतील हवा तपासली. फॉर्मल्डिहाइडचे सरासरी प्रमाण ७७ पीपीबी निघाले. काही घरांत ते ५९० पर्यंत होते. ७७ पीपीबी म्हणजे घनमीटरला सुमारे ०.०९५ मिलिग्रॅम, वरील मर्यादेला जवळजवळ टेकलेले. मर्यादा अर्ध्या तासाची. लोक तेथे दिवसरात्र राहत होते. आणि मोजमाप थंडीत झाले होते, काही घरे तोवर दोन उन्हाळे मागे टाकून आली होती. पहिल्या उन्हाळ्यात त्या घरांत काय असेल, याचा अंदाज करता येतो.

असे का झाले? अमेरिकेत फिरत्या पण वस्तीसाठी असलेल्या ‘मोबाइल होम’च्या फळ्यांवर १९८५ पासून फॉर्मल्डिहाइडची मर्यादा लागू होती. प्रवासी ट्रेलर मात्र कायद्याच्या लेखी घर नव्हते, ते वाहन होते. घराचे नियम त्याला लागू नव्हते, आणि वाहनाचे नियम लिहिणाऱ्याने कोणी त्यात वर्षभर झोपेल याचा विचार केलेला नव्हता. या दोन खात्यांमधल्या फटीत हजारो मुले वाढली. २०१० च्या कायद्याने पुढे लाकडी फळ्यांवरच मर्यादा घातली, मग त्या घरात लागोत की गाडीत. पण जुने ट्रेलर लिलावात स्वस्तात विकले गेले होते, आणि त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातातील तेलगळती साफ करणाऱ्या कामगारांच्या वस्तीत त्यांतले काही पुन्हा दिसले.

येथे थोडे गणित केले तर फिरते घर इतके वेगळे का ठरते हे समजते. स्थिर अवस्थेत हवेतील प्रमाण म्हणजे फळ्यांतून तासाला निघणारे वस्तुमान भागिले तासाला आत येणारी ताजी हवा. उदाहरणादाखल ३० घनमीटरची एक कॅरव्हॅन घेऊ. भिंतीचे अस्तर, कपाटे, पलंग, जमीन मिळून तीत ४० चौरस मीटर फळी आहे आणि प्रत्येक चौरस मीटर तासाला ०.१ मिलिग्रॅम वायू सोडतो असे मानू. म्हणजे एकूण ४ मिलिग्रॅम. दारे-खिडक्या बंद असताना तासाला हवेचा पाचवा हिस्साच बदलत असेल, तर ताजी हवा ६ घनमीटर आणि प्रमाण ०.६७ मिलिग्रॅम, मर्यादेच्या साडेसहा पट. तेवढीच फळी १५० घनमीटरच्या सदनिकेत असती तर त्याच दराने प्रमाण ०.१३ झाले असते. दोष केवळ फळीचा नाही. लहान आकारमानात मोठे पृष्ठफळ कोंबले गेल्याचा आहे. २००८ मध्ये बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने चार रिकाम्या ट्रेलरांचा अभ्यास केला, तेव्हाही याच दोन गोष्टी पुढे आल्या : लाकडी फळ्यांचे प्रचंड क्षेत्रफळ आणि तोकडे वायुवीजन.

खिडक्या उघडून हवेचा बदल दहापट केला, तर आपल्या गणितात ०.०६७ येते आणि जीव भांड्यात पडतो. वास्तवात इतका फायदा मिळत नाही, कारण बाहेरील प्रमाण कमी झाले की फळी अधिक वेगाने वायू सोडू लागते. आणि आता प्रिन्सेपचे दोन अंक आठवावेत. युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या फळीतून होणारे उत्सर्जन तापमान सुमारे सात अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होते. पंचवीस अंशांवर सुरक्षित वाटणारी गाडी काशीच्या मे महिन्यात ४५ अंशांवर उभी राहिली, तर उगम जवळपास आठपट होतो. आर्द्रता वाढली की त्यात आणखी भर. अमेरिकी किंवा युरोपीय फळीची चाचणी २३-२५ अंशांच्या पेटीत होते. आपली गाडी त्या पेटीत उभी राहणार नाही.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. केरळनेही त्याच वर्षी आपली योजना आणली. आपल्याकडे या गाड्या कोकण किनाऱ्यावर, म्हणजे लुइझियानासारख्याच दमट हवेत, उभ्या राहणार आहेत. मोटर कॅरव्हॅनसाठी ए.आय.एस.-१२४ हे वाहन मानक आपल्याकडे आहे. माझे मत असे, की अशा वाहनात वापरायच्या फळीला उत्सर्जनाची मर्यादा असावी आणि तिची चाचणी ४० अंशांवर व्हावी. गाडी घर आहे की वाहन, हा वाद घालत बसण्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी आधीच मोजलेली आहे.

तोपर्यंत गाडी बांधून घेणाऱ्याच्या हाती बरेच काही आहे. फळी निवडताना फिनॉल-फॉर्मल्डिहाइडने जोडलेले प्लायवूड मागावे. हा बंध पाण्याने सहज तुटत नाही, म्हणून तो जहाजबांधणीत वापरतात, आय.एस. ७१० क्रमांकाचे ‘मरीन प्लाय’ ते हेच. पाण्याला दाद न देणारी फळी वायूही फार कमी सोडते, हा नावाड्यांनी न मागता दिलेला वारसा म्हणावा. शक्य तेथे धातू वापरावा, फळीच्या कापलेल्या उघड्या कडा बंद कराव्यात, कारण वायू पृष्ठभागापेक्षा कडांतून अधिक निसटतो. नवी गाडी पहिले काही आठवडे उन्हात, सर्व खिडक्या उघड्या आणि पंखा चालू ठेवून उभी करावी. त्याने द्रावके निघून जातात. फॉर्मल्डिहाइडच्या बाबतीत हा उपाय अपुरा आहे, कारण तुटायला अजून बंध शिल्लक असतात.

खिडकी उघडावी, हा सल्ला काशीत देताना मात्र जीभ अडखळते. हिवाळ्यात गंगेच्या खोऱ्यावर धुके आणि सूक्ष्म धुलिकण दाटून बसतात. मणिकर्णिकेच्या चिता आहेत, रस्त्यांची धूळ आहे. अलीकडच्या काळात तेथील शेकडो नावा डिझेलऐवजी सीएनजीवर आणल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी खिडकिया घाटाजवळ तरंगते इंधन केंद्र उभारले गेले, ही चांगली गोष्ट. तरीही डिसेंबरच्या रात्री उघडी खिडकी म्हणजे एका प्रदूषकाच्या बदल्यात दुसरा. धुलिकण गाळणारी हेपा गाळणी येथे उपयोगी आहे. पण ती वायू अडवीत नाही, आणि साधा सक्रिय कोळसाही फॉर्मल्डिहाइडपुढे दुबळा ठरतो. यावर अभियांत्रिकी उत्तर आहे ते म्हणजे गाळणीतून बाहेरची हवा सतत थोडी थोडी आत ढकलणारा छोटा पंखा. मनी प्लांट नव्हे. ‘नासा’च्या १९८९ च्या अहवालाने झाडांची कीर्ती पसरली, पण तो प्रयोग लहान बंद पेट्यांतील होता, २०१९ च्या एका फेरआढाव्यानुसार इमारतीच्या नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील.

मोजायचेच असेल तर कार्बन डायऑक्साइडचा मापक घ्यावा. दोन माणसे वरच्याच बंद गाडीत रात्रभर झोपली तर पहाटेपर्यंत तो चार हजार पीपीएमच्या आसपास जाईल. तो हजाराजवळ राहील एवढी झडप उघडी ठेवावी. चूल किंवा जनित्र असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा सूचक हवाच, आणि तो झोपण्याच्या जागेजवळ. फॉर्मल्डिहाइडचे स्वस्त मापक मात्र जपून वाचावेत. त्यांतील अनेक मापक हात पुसायच्या अल्कोहोलनेही उसळतात. नव्या गाडीचा वास जावा म्हणून कुणी उदबत्ती लावली, तर आकडा आणखी चढेल. आणि त्या वेळी मापकाचा फारसा दोष नसेल, कारण जळत्या उदबत्तीतूनही फॉर्मल्डिहाइड निघतो.